बांधकाम सुरू झालेले नव्हते

ओळंब्याचं पितळी टोक जमिनीपासून बोटभर वर अधांतरी थांबलं होतं, आणि फोटोत काही हलणं शक्य नसूनही मेघनाला वाटत राहिलं की ते अजून किंचित झुलतंय... आता स्थिर होईल, मग गवंडी एक डोळा मिटून बघेल, मग पुढचा चिरा लागेल. तिनं फोटो मोठा केला. ओळंब्याच्या मागं चौथऱ्याचा कोपरा होता – लाल चिऱ्यांचे तीन थर, सांधे पट्टी धरून मारल्यासारखे सरळ – आणि त्यावर कुणीतरी विसरलेला स्टीलचा पेला. चांगला चौथरा होता. या कामात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती, पण इतका चांगला चौथरा तिनं फोटोत पाहिला नव्हता, आणि तो तिथं असायलाच नको होता.

फोटो शिवानं पाठवले होते. शिवा कंपनीचा चिपळूणचा माणूस. मोटरसायकलवरून वाड्या पालथ्या घालायच्या, जागेचे फोटो काढायचे आणि परळच्या या सातव्या मजल्यावर पाठवायचे, एवढंच त्याचं काम. खाली तारीख आणि वेळ आपोआप उमटलेली होती. सोबत त्याचा एक ओळीचा निरोप – मॅडम, काम सुरू झालंय, बघून घ्या. बघून घ्या! जणू भाजी निवडायची होती.

समोर दुसऱ्या खिडकीत प्रमाणपत्र उघडं होतं. गावात स्वतःचं पहिलं पक्कं घर बांधणाऱ्याला कंपनी कर्ज देणार, ते बुडालं तर सरकारचा हमी निधी कंपनीला भरून देणार, आणि त्यासाठी कंपनीनं आधी आपली कर्तव्यं पार पाडल्याचं लिहून द्यायचं, असा सगळा मामला होता. सात कलमं, आणि शेवटी तपासणी अधिकाऱ्याची, म्हणजे मेघना गमरेची सही. अर्जदाराचं उत्पन्न आम्ही पडताळलं आहे. त्याचं दुसरं पक्कं घर नाही. कर्जाच्या अटी त्याला त्याच्या भाषेत समजावल्या आहेत... ती सहाव्या कलमावर आली. हमीसाठी अर्ज दाखल होण्यापूर्वी जागेवर कोणतेही बांधकाम सुरू झालेले नव्हते, याची धनको संस्थेने स्वतः खात्री केली आहे. हमीचा हा अर्ज अजून दाखल झालेला नव्हता. आज करायचा होता, कारण हमी योजनेच्या या खेपेची मुदत आज संध्याकाळी सहाला संपत होती, आणि पुढची खेप कधी उघडेल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

माणसं घाई का करतात? तिला दौलतचा राग आला. दौलत तांबे, वय अठ्ठेचाळीस, व्यवसाय गवंडीकाम – पंचवीस वर्षं तालुक्यात दुसऱ्यांची घरं बांधली आणि स्वतः मातीच्या भिंतींत राहिला, कारण बौद्धवाडीतल्या त्या जागेला कागदच नव्हता. कागद मागच्या वर्षी आला. मालमत्ता पत्रकावर पहिल्यांदाच त्याचं आणि त्याच्या बायकोचं, मालनचं, नाव लागलं, आणि महिन्याभरात त्यानं कर्जासाठी अर्ज केला. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला आणखी चार आठवडे थांबता येऊ नयेत? फाइल पूर्ण होती. सगळं व्यवस्थित होतं. मग कुणी सांगितलं होतं याला...

कुणी सांगितलं होतं ते तिला माहीत होतं. सकाळपासून माहीत होतं. फोटो उघडला त्या क्षणापासून ते टाळायलाच ती ओळंबा, पेला, सांधे असलं काहीबाही बघत बसली होती.

तो फोन एप्रिलमधला. पडताळणीचे फोन रेकॉर्ड होतात, त्यामुळे ठरलेलेच प्रश्न ठरलेल्या क्रमानं विचारायचे. दौलतनं सगळी उत्तरं नीट दिली होती, हमीचं विचारल्यावर तर आनंदानं म्हणाला होता, म्हणजे सरकार आमच्या पाठीशी उभं आहे. खरं म्हणजे तिनं तिथं त्याला थांबवायला हवं होतं – सरकार तुमच्या पाठीशी नाही, आमच्या पाठीशी आहे. तुम्ही हप्ते चुकवलेत तर पैसे आम्हाला मिळतील, तुमच्या मागचा तगादा सुटणार नाही. पाचवं कलम तेच सांगतं. तिनं ते वाचून दाखवलं होतं, पण वाचून दाखवणं म्हणजे समजावणं नव्हे हे तिला कळत होतं, आणि त्याचा आवाज इतका खुशीत होता... असो. मग शेवटी, सगळे प्रश्न संपल्यावर, त्यानं हळूच विचारलं होतं, मॅडम, गमरे म्हणजे आपल्यातल्याच ना? आणि ती काही बोलायच्या आत तो म्हणाला होता, "जय भीम, मॅडम."

परळच्या या ऑफिसात गमरे हे नुसतं एक आडनाव आहे. डबा खाताना एकदा दीपिकानं विचारलं होतं, गमरे म्हणजे कुठले गं तुम्ही? मी म्हटलं, कोकणातले. खोटं काय होतं त्यात? कोकणातलेच आहोत. घरी भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, सहा डिसेंबरला मी दादरला रांगेत उभी असते, लग्न झालं तेव्हा साऱ्या बीडीडी चाळीसमोर पांढऱ्या साडीत उभी होते. मी कुणाला लाजत नाही. मला लाजायचं कारणच नाही. पण त्या दिवशी दीपिका शेजारच्याच टेबलाला होती, फोन रेकॉर्ड होत होता, आणि पलीकडून रत्नागिरी जिल्ह्यातला एक गवंडी, ज्याला माझं आडनाव ऐकताच सगळं कळलं होतं, माझ्या उत्तराची वाट बघत होता. मी म्हटलं, "नमस्कार, नमस्कार."

दोनदा म्हटलं. एकदा म्हटलं असतं तर कदाचित चाललं असतं. दुसऱ्या नमस्कारानंतर त्याला काहीतरी द्यायला हवं असं तिला वाटलं, आणि हाताशी जे होतं ते तिनं देऊन टाकलं. "काळजी करू नका हो. काम झालं म्हणून समजा."

ते वाक्य तिचं नव्हतं. म्हणजे ते बोलायचा तिला अधिकार नव्हता; कर्ज मंजूर करणारी समिती वेगळी, हमी देणारा निधी वेगळा, ती मधली एक सही. पण मुंबईत लोक असं दिवसातून दहा वेळा म्हणतात. गॅसवाला म्हणतो, बिल्डरचा माणूस म्हणतो, नवरा म्हणतो. कुणी ते ऐकून चिरे आणत नाही! दौलतनं आणले. मे महिन्यात वाडीत संयुक्त जयंती असते, बुद्धांची आणि बाबासाहेबांची एकत्र, कारण एप्रिलात मुंबईकर गावी येऊ शकत नाहीत. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते आणि वाडी माणसांनी भरते. तिनं लहानपणी तिच्या गावच्या जयंत्या पाहिल्या होत्या, त्यामुळे तिला कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी बुद्धवंदना झाली असेल. मग कुणीतरी म्हटलं असेल, दौलतदादाचं कर्ज झालंय ना, मग एवढे हात आहेत तर आजच पाया घालून टाकू, पुढच्या महिन्यात पाऊस, मग दिवाळीपर्यंत काही नाही. पोरासोरांसकट सगळ्यांनी चिरे हातोहात दिले असतील. फोटोच्या एका कडेला निळ्या पताकांची माळ दिसत होतीच, उन्हानं जरा विटलेली.

आणि हमीचा अर्ज त्याआधीच दाखल झालेला असता तर काहीच बिघडलं नसतं. फाइल अकरा दिवस तिच्याकडेच पडून होती. अकरा दिवस ती रजेवर होती, कारण वरळीच्या त्यांच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत त्यांना घर मिळालं होतं – विसाव्या मजल्यावर, समुद्र दिसणारं – आणि तिचा नवरा विकास म्हणाला होता, सामान लावायला तूच हवीस, माझ्याच्यानं होणार नाही. घर बदलायला रजा घेतली. ह्यात माझी चूक कुठे आहे? कुठेच नाही... त्या नव्या घराची चावी हातात पडली तेव्हा तिनं सतरा ठिकाणी सह्या केल्या होत्या आणि एकही कलम वाचलं नव्हतं. वाचायची गरज वाटली नव्हती. जे वाचायचं ते तिकडच्या कुणीतरी वाचलं असेल.

जेवणाच्या सुट्टीनंतर ती तिच्या वरिष्ठांकडे, हितेंद्र सरांकडे गेली. सर तसे वाईट नव्हते. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला. नियम त्यांना तिच्याइतकाच माहीत होता: प्रमाणपत्र खोटं निघालं तर हमी रद्द, सगळं कर्ज कंपनीच्या गळ्यात, आणि सही करणाऱ्याची चौकशी. हमीशिवायचं कर्ज द्यायचं तर पगारदार जामीनदार दोन हवेत, आणि ते त्या वाडीत कुठून आणायचे? त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण काढलं, लावलं. मग म्हणाले, "शिवाला सांग ना, प्लॉट मोकळा दिसेल असा एक फोटो पाठव. जुना असेल तर जुना. मी काय सांगणार मेघना, सही तुझी आहे. तू बघ."

सगळेच तिला बघायला सांगत होते. ती जागेवर येऊन बसली आणि बघू लागली. मोकळ्या जागेचा जुना फोटो फाइलीत होता, मार्च महिन्यातला. तो जोडला आणि सही केली तर काय होईल? बहुतेक काहीच होणार नाही. दौलत हप्ते भरेल. असली माणसं भरतात, पोटाला चिमटा काढून भरतात. पण तो परांचीवर चढणारा माणूस, उद्या पडला, कंबर मोडली, हप्ते थांबले, तर निधीचे लोक फाइल उघडतील आणि शिवाच्या या फोटोखालची तारीख बघतील, आणि मग मुलीचं दुसऱ्या वर्षाचं कॉलेज, विकासची कधी असलेली कधी नसलेली कामं... तिला स्वतःची किळस आली की ती एका धडधाकट माणसाला मनातल्या मनात परांचीवरून पाडत होती. आणि सही नाही केली तर? तर तो चौथरा पावसात तसाच उभा राहील आणि त्यावर गवत उगवेल, आणि दरवर्षी जयंतीला आलेले मुंबईकर विचारतील, काय रे दौलत, त्या कर्जाचं काय झालं.

साडेचार झाले होते. टेबलावरच्या फोनवरून बोललं की रेकॉर्ड होतं, म्हणून ती स्वतःचा मोबाइल घेऊन जिन्यात गेली. तिनं ठरवलं होतं की आधी चूक कबूल करायची. मीच तसं बोलायला नको होतं, फाइल माझ्याकडे पडून राहिली, असं स्पष्ट सांगायचं, पुढचं पुढे. जिन्यात रंगाचा वास येत होता आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी हिंदीत पार्सलवरून भांडत होतं.

दौलतनं पहिल्या घंटेलाच फोन उचलला. ती म्हणाली, चौथऱ्याचे फोटो आले आहेत. त्याला ते कौतुक वाटलं. बरा झालाय ना, मॅडम, त्यानं विचारलं. तिनं हो म्हटलं, आणि मग सहावं कलम सांगितलं. वाचून दाखवलं नाही, या वेळी खरंच समजावलं, त्याच्या भाषेत, सावकाश, मुदतीसकट. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"म्हणजे आमचीच घाई झाली," तो म्हणाला.

इथं तिला बोलायचं होतं. तिनं श्वास घेतलाही. पण तो तिच्यासाठी थांबला नाही, गवंड्याच्या सवयीनं पुढच्या कामाचा हिशोब करत होता: "वरचे दोन थर सुटतील, मॅडम. थोडे चिरे फुटतील, फुटू देत. खालच्या थरावर माती टाकून सपाट करतो. सहा वाजायला अजून टाइम आहे. वाडीत चार पोरं आहेत, तासाभरात मोकळं करतो. मग फोटो पाठवू का?"

ती त्याला असं करायला सांगणार नव्हती. सरांनी तिला सांगितलं, पण तिनं त्याला सांगितलेलं नव्हतं. त्याचं त्यानंच काढलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही बघा." स्वतःचा आवाज तिला हितेंद्र सरांसारखा ऐकू आला.

मग त्यानं फोनवर हात ठेवला असावा, पण नीट ठेवला गेला नाही. आधी पहार आणायला सांगितल्याचं ऐकू आलं. मग एका बाईचा आवाज, मालनचाच असणार, पहिल्यांदा हळू आणि मग चढलेला. एवढं हातानं लावलेलं मोडायचं कशाला, असं ती विचारत होती. आणि मग, "पन त्या बाईच बोलल्या व्हत्या ना तुमाला, काम झालं म्हनून?"

मेघनानं मोबाइल कानाशी आणखी दाबून धरला. आता तो म्हणेल, हो, त्याच बोलल्या. त्यानं तसं म्हणावं असं तिला खरोखरच वाटत होतं, म्हणजे मग तिला वेगळं कबूल करावं लागणार नाही. तो म्हणेल, ती ऐकेल, आणि जे आहे ते उघड्यावर येईल.

"न्हाय गं," दौलत म्हणाला. "त्या कुठं तसं बोलल्या? मीच उतावळा. त्यांच्यावर नको घालू."

त्याला आठवत नव्हतं असं होणं शक्य नव्हतं. ते वाक्य त्यानं साऱ्या वाडीला सांगितलं असणार, त्या वाक्यावर चिरे उभे राहिले होते. तो तिला वाचवत होता. बायकोपासून, वाडीपासून, आणि फोन अजून चालू आहे हे ठाऊक असेल तर तिच्या स्वतःपासूनही. का? काय दिलं होतं तिनं त्याला?

फोन कानाला होता, लाइन चालू होती, ती अजूनही बोलू शकत होती. पलीकडे पहिली पहार दगडावर बसली. तिला वाटलं होतं की आता आपल्याला रडू येईल, निदान लाज तरी वाटेल. पण तिला हायसं वाटलं. खांद्यांतून, पाठीतून, पायांतून उतरत गेलं इतकं हायसं वाटलं, आणि ती ते थांबायची वाट बघत तिथंच उभी राहिली, पण ते काही केल्या थांबेना.