खिडकी कोण लावायचं

"ही बघा," डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. "लिंबाएवढी गाठ होती, बरोबर कपाळाच्या मागे. माणूस रागाला आवर घालतो ना, तो इथून."

तिने मान हलवली. शेजारच्या खुर्चीत नवरा बसला होता, डोक्याला पट्टी बांधलेली. बावीस वर्षं जे हात उठले की तिचा जीव गोळा व्हायचा, ते आता परक्या घरी आल्यासारखे मांडीवर गप्प पडले होते.

"हळू वाढणारी गाठ. वीस-पंचवीस वर्षंही आत असू शकते. घरी चिडचिड करायचे?"

"मारायचे," ती म्हणाली.

"मग ते ह्यांनी नाही केलं, गाठीनं केलं असं समजा. दोष देऊ नका त्यांना."

मागे उभ्या असलेल्या नणंदेने डोळ्यांना पदर लावला. "ऐकलंस ना वहिनी? माझा भाऊ असा नव्हताच गं मुळी!"

ती शाळेचे गणवेश शिवायची. शिवण कुठे उसवलीय ते तिच्या बोटांना न बघता कळायचं. तिने विचारलं, "डॉक्टर, मारायच्या आधी हे उठून खिडकी लावायचे. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. कारखान्यात साहेब तोंडावर बोलला तरी ह्यांनी कधी हात उचलला नाही. मग खिडकी कोण लावायचं?"

डॉक्टरांनी फिल्म खाली ठेवली. "ते सांगता येत नाही," ते म्हणाले.

घरी आलेला माणूस निराळाच होता. पाणी हवं तर विचारायचा, तिने मशीन सुरू केलं की रेडिओ बारीक करायचा. भेटायला येणारे सगळे एकच बोलायचे, बिचाऱ्याचा काय दोष! आणि खरं सांगायचं तर पंधरा दिवसांत तिलाही ते पटायला लागलं होतं. बरं वाटत होतं. आजारी माणसापाशी दिवस काढले म्हटलं की बावीस वर्षांना नशीब हे नाव देता येत होतं, आणि आपण निघून का गेलो नाही हे स्वतःला विचारावं लागत नव्हतं.

एका दुपारी ती काजं करत बसली होती. तो म्हणाला, "मला आठवतंय."

"काय?"

"खिडकी लावताना एकदा खालच्या मजल्यावरच्या आजी दिसल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसलो. मग कडी घातली. हसताना मला माहीत होतं, आता काय करणारे ते."

तिच्या हातातली सुई थांबली. "कशाला सांगता आता?" ती जवळजवळ ओरडलीच. "जरा कुठे सुखानं श्वास घेत होते!"

"लेकीला बोलाव," तो म्हणाला.

लेक चार वर्षांनी घरात आली ती चप्पल न काढताच. बाप बोलू लागला तशी तिने मान वळवून उजवा कान पुढे केला. डावा नववीत असताना गेला होता, एका थपडेत. शाळेत विचारलं तेव्हा, घरी मोरीत पाय घसरून पडली असं सांगितलं होतं. ते आईनेच सांगितलं होतं.

"तुझा कान मी घालवला," तो म्हणाला. "गाठीनं नाही."

"डॉक्टर तर म्हणतात—" आई मध्येच म्हणाली.

"डॉक्टर तेव्हा घरात नव्हते. थांबता आलं असतं मला. सोपं नव्हतं, पण आलं असतं."

लेक त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." एवढंच. पाणीही न घेता उठली.

आई सोडायला गेली तेव्हा बसस्टॉपवर लेकीने विचारलं, "तू माफ करणारेस?"

"माहीत नाही. पण मोरीचं मी खोटं सांगितलं. ते माझ्याकडून कुणी वदवलं नव्हतं."

बस आली तेव्हा लेकीने आईचा हात क्षणभर घट्ट धरला आणि चढली.

परत आल्यावर तिने शिलाई मशीन ओढत ओढत लेकीच्या रिकाम्या खोलीत नेलं. मग गादी नेली. तो भिंतीला धरून उभा होता. जड उचलायला त्याला मनाई होती. थोड्या वेळाने तिची उशी घेऊन आला आणि उंबऱ्याबाहेरच थांबला.

"इथे ठेवू?"

"ठेवा," ती म्हणाली.

तो सावकाश वाकला, उशी उंबऱ्याच्या आत ठेवली आणि मागे सरला.