पिवळं मीठ

नवा फ्लॅश घ्यायला निकेश रोह्याहून पेणला गेला, तेव्हा त्याची इच्छा एवढीच होती की आपल्या फोटोतली माणसं जरा सुखी दिसावीत. जुना फ्लॅश थेट तोंडावर उडायचा. त्यामुळे त्याचा प्रत्येक नवरदेव पोलिसांनी दार उघडल्यासारखा दचकलेला दिसायचा आणि त्याच्यामागे भिंतीवर काळी सावली करवलीसारखी चिकटून उभी असायची.

पेणच्या दुकानात माधवरावांनी काउंटरवर दोन फ्लॅश मांडले. माधवराव शाळेतून निवृत्त झालेले, त्यामुळे गिऱ्हाइकाला वस्तू विकण्याआधी ती समजावून द्यायची त्यांना खोड.

"हा सरळमान्या. आणि ह्याची मान वळते. तोंड छताकडे करायचं, उजेड छताला आपटून खाली येतो, मऊ पडतो. डोळे मिटत नाहीत, सावली नाही, चकाकी नाही."

त्यांनी दुकानाच्या पांढऱ्याशुभ्र छतावर तो उडवून दाखवला. माधवरावांचं टक्कलसुद्धा त्या उजेडात देखणं दिसलं. निकेशने तिथंच मन पक्कं केलं. "छत मात्र पांढरं हवं हो," असंही माधवराव म्हणाले, पण तोवर निकेश सेल घालून त्या फ्लॅशची चार्ज होतानाची बारीक चीं कानाला लावून ऐकत होता. मग रोह्याला आपल्या स्टुडिओत, चुना मारलेल्या छताखाली, त्याने फ्लॅश उडवून पाहिला. स्वतःचे फोटो काढले. स्वतःवरच खूश झाला.

पहिलं काम लागलं ते कासूच्या पलीकडं, खाडीकाठच्या गावात. केरूच्या मुलीचं, भाविकाचं लग्न. हे काम गिरजाबाईने मिळवून दिलं होतं. गिरजाबाई गावची हळदवाली. गावात कुणाचंही लग्न असो, हळद जात्यावर तीच दळायची, पहिलं गाणं तीच उचलायची आणि नवरीच्या गालाला पहिलं बोट तिचंच लागायचं. फोटोवाल्याला जेवायला वाढलंय का, हे बघणारी गावात ती एकटीच. "त्या रोह्याच्या पोराला सांगा, गरीब हाय, पण फोटू सरळ काढतो," असं तिने केरूला सांगितलं होतं.

मांडव झकास होता. वर झालरीचं कापड, हळदीसारखंच पिवळंधमक. निकेशने ऐटीत फ्लॅशची मान वर केली आणि हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं लग्न त्या कापडावरून खाली उतरवलं. कुणाचेही डोळे मिटले नाहीत.

पनवेलच्या लॅबमधून फोटो आले, ते पिवळे. नवरी पिवळी, नवरा पिवळा, भात पिवळा, बँडवाल्याचं पिपाणीचं तोंड पिवळं. लॅबवाल्याने पिवळं कमी केलं तर माणसं निळी पडली. मग त्याने दया येऊन परत पिवळी केली. निकेशला दुकानातलं ते अर्धवट ऐकलेलं वाक्य तेव्हा आठवलं. त्याने अल्बम तसाच लावला. एखाद्याला पिवळा रंग आवडतोही.

केरू अल्बम काखेत मारून रोह्याला आला.

"निडीची, पोरीच्या सासरची माणसं विचारतात, पोरीला कावीळ हाय काय? मी काय सांगू त्यांना?"

निकेशला त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. पण स्टुडिओत दोन गिऱ्हाइकं बसली होती आणि नवा फ्लॅश काचेच्या कपाटात होता. तो म्हणाला, "हळद. हळदीत रंग असणार, केरूकाका. कॅमेऱ्यात जे असतं तेच उतरतं."

"पण बँडवाल्याला हळद लावलीच नाय!"

"उडते ती. वाऱ्यावर."

"आन ह्यो कोपऱ्यातला बैल?"

"वारा," निकेश म्हणाला.

केरूने बराच वेळ बैलाकडे बघितलं. मग त्याला पटलं. माणसाला एकदा कुणावर तरी ठपका ठेवायला मिळाला की बैलाचं कोडं आपोआप सुटतं.

पुढे काय झालं ते निकेशला केरूच्याच शेजारणीकडून, जनीकडून कळलं. तिच्या मुलाच्या लग्नाच्या फोटोंचं ठरवायला ती आली होती.

"हळद पाकिटातली आणणार हाव आम्ही," जनी म्हणाली. "गिरजाबाय रंग घालते हळदीत. तिच्यामुळं भाविकाला सासरी डाक्टरकडं नेली. आता तिला नाय बोलवीत कोण. गेल्या लग्नात आली व्हती, तर जात्यापासनं उठवली तिला."

"उठवली?"

"मंग? फोटूत दिसलं ना सगल्यांना!"

निकेशला त्या दिवशी जेवण गेलं नाही. झोप लागली, पण स्वप्नात पिवळा बैल आला आणि काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो गावात गेला आणि केरूच्या ओटीवर सगळ्यांदेखत सांगितलं. "हळद चांगली होती. चूक माझी. फ्लॅशचा उजेड वर जातो, कापडाला लागतो, कापडाचा रंग घेऊन खाली येतो."

"उजेड काय पावणा हाय?" केरू म्हणाला. "वर जातो, खाली येतो, येताना घेऊन येतो!"

ओटी हसली. मग एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "गिरजानं जेवाया घातलाय त्याला. तिचं ओढतो पोर." सगळ्यांनी माना डोलावल्या. आता गिरजाबाई हळदीत रंग घालणारी तर होतीच, वर साक्षीदार फोडणारीही झाली. निकेश खरं बोलून तिला आणखी खोलात घालून आला होता.

म्हणून तो मिठागरावर गेला. गिरजाबाईचा नवरा कान्हू तिथं मीठ ओढत होता. त्याने निकेशकडे पाहिलं, पण फावडं थांबवलं नाही.

"कान्हूकाका, टोपलीभर मीठ पाहिजे."

"कशाला? काय चोळतोस कुणाला?"

"फोटो काढायचाय."

कान्हूने आयुष्यात पुष्कळ मूर्ख बघितले होते, पण मिठाचा फोटो काढणारा पहिलाच. त्या नवलापायीच तो टोपली घेऊन बरोबर आला. जनीच्या दारात मांडव घातला होता. गावाला मांडववाला एकच, कापड तेच. मांडवाच्या मधोमध, नवरी बसते त्या पाटावर निकेशने मीठ ठेवलं. गाव गोळा झालं. त्याने फ्लॅशची मान वर करून फोटो काढले, मग मान सरळ करून काढले. सगळा रोल मिठावर संपवला. पनवेलच्या लॅबवाल्याने फोटो हातात देताना विचारलं, "नवरी कुठाय?"

जनीच्या ओटीवर फोटो फिरले. ते कान्हूच्या हातात आले तेव्हा तो उभा राहिला.

"ह्ये आपलं मीठ?"

"हो," निकेश म्हणाला.

"पिवलं?"

हळदीबद्दल गावात चार मतं असू शकत होती. मिठाबद्दल एकच होतं. कान्हूने दुसरा फोटो पाहिला. तेच मीठ, तोच पाट, आणि पांढरंफेक. पुन्हा पहिला पाहिला. मग त्याने हळूच वर, मांडवाच्या कापडाकडे पाहिलं. त्याच्यामागोमाग अख्ख्या गावाने वर पाहिलं.

"म्हणजे हळद बरी व्हती," केरू म्हणाला.

"बरी होती."

"मंग त्या दिशी तू काय बोललास?"

"खोटं बोललो."

सगळेच गिरजाबाईकडे गेले. ती सुकट निवडत बसली होती. तिने केरूचं ऐकलं, जनीचं ऐकलं, मिठाचे फोटो बघितलेच नाहीत.

"मला ठावं व्हतं हळद बरी हाय," ती म्हणाली. "मीच दळली ना."

"मग मावशी, तुम्ही का नाही बोललात?" निकेशच्या तोंडून निघून गेलं.

"बोलले की. पन तुझ्याकडं फोटू व्हता."

जनीच्या मुलाच्या हळदीला ती आली. जात्याशी बसली, खुंटा धरला, गाणं उचललं. निकेशने फ्लॅशची मान सरळ केली, कॅमेरा डोळ्याला लावला. जातं थांबलं. गाणंही थांबलं. गिरजाबाई त्याच्याकडे बघतही नव्हती, नुसती थांबली होती. त्याने कॅमेरा खाली घेतला. जातं फिरू लागलं. त्याने पुन्हा उचलला, जातं पुन्हा थांबलं.

"अरं ए फोटूवाल्या," मागून कुणीतरी ओरडलं, "हळद सकालपर्यंत दळायची काय?"

निकेशने कॅमेरा पिशवीत घातला आणि बाजूला जाऊन बसला. पंगतीत त्याला कुणीतरी वाढलं. ती गिरजाबाई नव्हती.

अल्बम घ्यायला जनी रोह्याला आली. पानं उलटत ती थांबली. "हळदीचं फोटू कुठं हाईत?"

'रोल संपला होता' हे वाक्य निकेशच्या जिभेवर तयार होतं. अगदी फोटोवाल्याच्या तोंडी शोभेल असं. स्टुडिओत तीन गिऱ्हाइकं बसली होती.

"गिरजामावशींनी काढू दिले नाहीत," तो म्हणाला.

"का?" जनीने नाही, गिऱ्हाइकांपैकी एकाने विचारलं.

निकेशने खुर्ची ओढली आणि पेणच्या दुकानापासून सांगायला सुरुवात केली.