चुंबकाची कांडी

ताई गेली त्याच्या पाचव्या दिवशी मी कामावर हजर झाले. प्रयोगशाळेत सगळे माझ्याकडे असे बघत होते, की मी आता कुठल्याही क्षणी फुटेन आणि त्यांना काचा गोळा कराव्या लागतील. मी काही फुटले नाही. वीस वर्षं आम्ही दोघी बहिणी एका घरात राहिलो, ती गेली, आणि मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. दाताला भूल दिल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं सगळं अंग झालं होतं.

आमच्या प्रमुखांना, म्हणजे सरांना, माझं लक्षण ठीक वाटत नव्हतं. "महिनाभर सुट्टी घ्या," असं ते रोज म्हणायचे आणि मी रोज नाही म्हणायचे. त्या घरात दिवसभर बसायच्या नुसत्या विचाराने मला धाप लागायची. सतराव्या दिवशी मात्र त्यांनी निक्षून सांगितलं, "आज चार वाजता सर्जनबाई पट्टी बघायला येतायत. काम चोख झालं तर राहा. नाहीतर उद्यापासून सुट्टी, आणि मी काहीएक ऐकणार नाही."

आमची पट्टी दिसायला अगदीच सामान्य. प्लॅस्टिकची, काळपट, बोटभर लांब. गरम करून तिची गुंडाळी केली आणि थंड होऊ दिली, की ती तशीच राहते. पुन्हा तापली की आपली आपण सरळ होते. गुंडाळी करून शरीरात सरकवायची आणि आत गेल्यावर उलगडायची, असा बेत. पण शरीराच्या आत ती तापवायची कशी? म्हणून प्लॅस्टिकमध्ये चुंबकाकडे ओढली जाणारी, डोळ्याला कणही दिसणार नाही इतकी बारीक पूड मिसळायची. बाहेर तारेच्या वेटोळ्यात वीज सोडली की पूड तापते, पट्टी उलगडते. पूड सगळीकडे सारखी पसरायला हवी, एवढंच. तिथेच भल्याभल्यांची दांडी उडते. पूड मुलखाची हट्टी, संधी मिळाली की गुठळी करून बसते. गेली बारा वर्षं ती पूड कालवण्यात माझा हात कोणी धरलेला नाही.

त्या सकाळी मी प्लॅस्टिक विरघळवलं, शेवटची बाटली उघडून पूड घातली, ढवळायला लावलं, साच्यात ओतलं, भट्टीत ठेवलं. हात आपोआप चालत होते. मग भांडं धुवायला घेतलं, तर तळाशी काळं, केसाळ काहीतरी बसलेलं.

ती ढवळायची कांडी होती. चुंबकाची. साध्या द्रावणांना आम्ही ती वापरतो. भांड्यात टाकली की खालच्या यंत्रावर गरगर फिरते. या पुडीला मात्र वरून फिरणारा काचेचा दांडा लागतो, कारण चुंबक टाकला तर पूड त्यालाच जाऊन चिकटणार. हे शेंबड्या पोरालाही कळेल. नव्या आलेल्या प्रत्येकाला मी हेच ओरडून सांगते.

नवी पूड करायला चार दिवस लागतात. सरांना सांगितलं तर उद्यापासून घर. मी कांडी पुसली, खणात टाकली आणि गप्प बसले. थोडी पूड तर गेली असेलच प्लॅस्टिकमध्ये, असं स्वतःला समजावत राहिले.

चार वाजता सर्जनबाई आल्या. उंच, घाईतल्या, पण बोलायला मोकळ्या. सरांनी गुंडाळलेली पट्टी वेटोळ्यात ठेवली आणि बटण दाबलं. पट्टीचं एक टोक जरासं उचललं गेलं. मग ती तिथेच थांबली. आम्ही तिघं तिच्याकडे बघत राहिलो.

"कालवण्यात काही चुकलं?" सरांनी विचारलं.

"हो. मी चुंबकाच्या कांडीने ढवळलं."

सर्जनबाईंना हसू फुटलं. "चुंबकाने? ही पूड?" सर आवरायला बघत होते, पण त्यांनाही आवरेना. "अहो, तुम्ही? बारा वर्षं सगळ्यांना झापताय!"

मग मलाही हसू आलं. हसता हसता मी मनातल्या मनात जुळवायला लागले, की घरी गेल्यावर ताईला हे कुठून सांगायला सुरुवात करायची. आधी सर्जनबाई आणायच्या, की आधी कांडी? आधी कांडी. ती पोट धरून हसेल, वर्षभर येता-जाता टोमणे मारेल, फोन करकरून मावशीला सांगेल. पहिलं वाक्यसुद्धा तयार झालं माझं.

आणि मग ते वाक्य तसंच राहिलं.

मी स्टुलावर बसले आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. सतरा दिवसांचं सगळं दुःख एकदम अंगावर आलं. सर्जनबाईंनी वेटोळ्याचं बटण बंद केलं.

"तुम्ही घरी जा," सर हळूच म्हणाले. "मी सोडतो. चला."

"घरी कोणी नाहीये, सर," मी म्हटलं.

ताई गेल्यापासून हे मी पहिल्यांदाच तोंडाने बोलले होते. सरांनी दुसरं स्टूल ओढलं आणि ते माझ्या शेजारी बसले.