कार्डिफला जाऊन येऊ

इंग्लंडमध्ये, मुलाकडे स्लाऊला आल्यापासून गयाबाईने दोनच गोष्टी नीट पाहिल्या होत्या. एक म्हणजे घरामागची बाग आणि दुसरी म्हणजे कोपऱ्यावरचं टेस्को नावाचं दुकान. बाकी सगळा दिवस नातीच्या मागे जाई. मेत्ता दीड वर्षाची होती. आजी नजरेआड झाली की ती असा गळा काढायची की शेजारची पोलिश बाई खिडकीत येई.

त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी सम्यक म्हणाला, "आई, उद्या कार्डिफला जाऊन येऊ," तेव्हा गयाबाईला आनंदच झाला.

"ते कुठं आलं?"

"वेल्सची राजधानी. तुझ्या व्हिसावर पॅरिस नाही जमणार, पण ही पण युरोपातलीच राजधानी आहे. छोटीशी आहे, दिवसात बघून होते. नागपूरला जाऊन सांग सगळ्यांना."

शनिवारी सकाळी चौघं गाडीत बसली. पुढे सम्यक आणि त्याची बायको दीक्षा, मागे मेत्ताची सीट आणि सीटला खेटून गयाबाई. मेत्ताने तिचं बोट मुठीत धरलं ते रीडिंग शहर मागे पडलं तरी सोडलं नाही. हाताला मुंग्या आल्या, पण पोरगी झोपली होती, म्हणून गयाबाईने हात तसाच ठेवला.

तिच्या मनात मात्र नागपूर होतं. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर तिने पाली भाषेचा डिप्लोमा केला होता आणि आता विद्यापीठात एम.ए.ला तिचं नाव लागलं होतं. बुद्धवंदना ती लहानपणापासून म्हणत आली होती, पण अर्थ पुस्तिकेत छापलेला असे तेवढाच माहीत. तो आपला आपल्याला लागला पाहिजे, ही तिची जुनी इच्छा. संसारात, नोकरीत, सम्यकच्या शिक्षणात ती मागे राहून गेली होती. जुलैच्या सुरुवातीला परत जायचं, कागदपत्रं दाखवून प्रवेश पक्का करायचा आणि मैत्रीण धम्मशीलेबरोबर वर्गात बसायचं, असं ठरलेलं होतं. तिकीट काढूनच ती आली होती.

नदीवरचा लांबलचक पूल आला. खाली गढूळ पाणी पसरलं होतं. तेवढ्यात गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. सम्यकचा नॉटिंगहॅमचा मित्र प्रबुद्ध बोलत होता.

"काय रे, कुठे आहेस?"

"कार्डिफला चाललोय, फॅमिली आहे बरोबर."

"मजा आहे. अरे, आईंचं तिकीट पुढे ढकललंस ना? ऑक्टोबर केलंस म्हणे. लकी आहेस यार. आमची आई तर दोन महिन्यांत कंटाळून..."

सम्यकने घाईघाईने बटण दाबलं. फोन बंद झाला.

दीक्षा खिडकीबाहेर बघू लागली. पूल संपला, वेल्सची पाटी आली, त्यावर इंग्रजीबरोबर न समजणारी दुसरी भाषा होती.

"कुणाचं तिकीट?" गयाबाईने विचारलं.

"आई, मी सांगणारच होतो तुला. आज निवांत बसून सांगणार होतो."

"म्हणून नेतोयस होय मला फिरायला?"

"तसं नाही गं." त्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर रस्त्यावर नेली. "पोचल्यावर बोलू. मेत्ता उठेल."

मेत्ता उठेल या दोन शब्दांपुढे त्या घरात कुणाचंच काही चालत नसे. दार उघडून उतरावं असं गयाबाईला वाटलं, पण गाडी मोटरवेवर होती आणि बोट अजून मुठीत होतं.

कार्डिफचा किल्ला भर शहरात आहे. एका बाजूला दुकानं आणि बस, आणि भिंतीच्या आत हिरवंगार मैदान. मध्ये मातीची उंच टेकडी, तिच्यावर दगडी बुरूज. वर जायला अरुंद, खड्या पायऱ्या. सम्यक सवयीने म्हणाला, "मेत्ताची बाबागाडी वर नाही जाणार. आई, तू बस ना इथे मेत्ताजवळ, आम्ही पटकन जाऊन येतो."

"मी जाते," गयाबाई म्हणाली. "तुम्ही बसा."

"तुझे गुडघे, आई..."

शालीचं टोक कमरेला खोचून ती पायऱ्या चढू लागली. मागून मेत्ताचं रडणं सुरू झालं. एरवी ती त्या आवाजाला धावत वळली असती. आज कठडा घट्ट धरून चढत राहिली. आतला जिना एवढा चिंचोळा होता की वरून येणाऱ्या माणसासाठी भिंतीला चिकटून उभं राहावं लागे. धाप लागली, गुडघ्यातून कळ आली. पण ती वर पोचली.

वर वारा भणाणत होता. सगळी राजधानी एका नजरेत मावली. स्टेडियम, चर्चचे मनोरे, आणि दूर पाण्याची चकाकणारी रेघ. खाली मैदानात दीक्षा मेत्ताला कडेवर घेऊन येरझाऱ्या घालत होती. एवढ्या उंचीवरूनही पोरीचा आकांत ऐकू येत होता.

गयाबाईने नागपूरला फोन लावला. नवऱ्याने, हरिदासने, लगेच उचलला.

"हॅलो, काय करून राहिली? फिरायला गेले ना तुम्ही?"

"अहो, सम्यकने माझं तिकीट पुढे ढकललं. मला न विचारता."

हरिदास म्हणाला, "हो. म्हणला होता तो."

"तुम्हाला म्हणला होता?"

"मागच्या आठवड्यात. आईला विचारू का बाबा, की आधी तुम्हीच सांगता, असं म्हणत होता. मी म्हटलं, करून टाक. ती कायले नाही म्हणते? नातीसाठीच तर गेली आहे."

गयाबाई भिंतीला टेकली. सम्यकवर राग होता, तरी त्याचं समजण्यासारखं होतं. तरुण पोरगा, त्याची अडचण. पण तिच्या अभ्यासाच्या वह्यांना स्वतः कव्हरं घालून देणारा हा माणूस!

"आणि माझं कॉलेज?"

"अगं, पाली काय पळून जाते का? पुढच्या वर्षी घे. अडीच हजार वर्षं राहिली ती."

तो हसला. तिला हसू आलं नाही.

"माझ्या वतीने 'हो' तुम्ही म्हणालात," ती म्हणाली. "आता 'नाही' पण तुम्हीच म्हणा. आत्ता फोन लावा त्याला."

"आता कसं सांगू? त्याने बदललं ना सगळं."

"जसं 'हो' सांगितलं तसं सांगा." आणि तिने फोन ठेवला.

ती पायऱ्या उतरली. खाली येताच मेत्ता झेपावली, तिच्या मानेत तोंड खुपसून मुसमुसू लागली. गयाबाईचे हात आपोआप तिच्या पाठीवरून फिरायला लागले.

दुपारी ते खाडीकाठी गेले. लाकडी फळ्यांच्या धक्क्यावर बाक होते, सीगल घिरट्या घालत होते. सम्यक चिप्स घेऊन आला तोच त्याचा फोन वाजला. "बाबा," म्हणत तो लांब गेला. गयाबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. आधी तो नुसता ऐकत होता. मग हात हलवून बोलायला लागला. मग मान डोलावली, हसला, आणि परत येऊन फोन तिच्या हातात दिला.

"अगं," हरिदास म्हणत होता, "मी सांगितलं त्याले. चांगलं ठणकावून सांगितलं. पण त्याचंही खरं आहे ना. नर्सरीत ऑक्टोबरशिवाय जागाच नाही म्हणते. तोवर राहा. मी पण येतो पाहिजे तर तिकडे."

गयाबाईने फोन परत दिला.

"आई, नाव कधीच घातलंय नर्सरीत," सम्यक म्हणाला. "आम्ही काय मुद्दाम करतोय का?"

"सम्यक, थांब ना," दीक्षा म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "आई, मीच म्हटलं त्याला, तुम्हाला विचारू या. पण विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर, म्हणून मीही गप्प बसले. आमचा व्हिसा माझ्या जॉबवर आहे. आमच्या टीममधल्या दोघांना काढलं. मी आता घरी बसले तर आम्हा तिघांनाही इथून जावं लागेल." तिने डोळे पुसले. "मला माहीत आहे तुमचं ॲडमिशन. तुम्ही पहाटे उठून वाचता ते मी बघते."

गयाबाईने तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. या पोरीवर रागवायलाही जागा नव्हती.

"माझा पासपोर्ट कुठे आहे?" तिने सम्यकला विचारलं.

"माझ्या ड्रॉवरमध्ये. सेफ राहावा म्हणून..."

"घरी गेल्यावर माझ्या हातात द्यायचा. जायचं की राहायचं ते मी बघते."

"बरं," तो खाली बघून म्हणाला.

परतीच्या वाटेवर मेत्ताने पुन्हा तिचं बोट धरलं.

घरी आल्यावर सम्यकने पासपोर्ट दिला. ती तो उशाशी ठेवून झोपली. जुनी तारीख परत मिळते का बघ, असं सकाळी सम्यकला सांगायचं तिने ठरवलं होतं. सकाळ झाली. ती चहाच्या कपाशी बसून राहिली. सम्यक समोर आला, "काय म्हणतेस आई?" असं विचारून उभा राहिला. तिच्या तोंडून निघालं, "दूध संपलंय."

सोमवारी दीक्षा कामावर गेली. दाराशी मेत्ता रडली, मग आजीच्या कडेवर गप्प झाली. दुपारी गयाबाईने धम्मशीलेला फोन केला. माझी जागा दुसऱ्या कुणाला जाऊ दे, असं तिला सांगितलं.

"काहून गं?" धम्मशीला ओरडलीच. "एवढा अभ्यास केला! कोणी अडवलं का तुले? सम्यकनं? भाऊजींनी? सांग मले, मी बोलते."

गयाबाईने कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीकडे पाहिलं. पासपोर्ट तिच्यातच होता. दाराची किल्ली तिच्याकडेच असे.

"अगं, बोल ना," पलीकडून धम्मशीला म्हणत होती.

मेत्ता खुर्चीवर चढून टेबलावरच्या कपाकडे हात लांबवत होती. "थांब, नंतर करते," असं म्हणून गयाबाई उठली.