दसऱ्याला पुजलेलं पिस्तूल

मित्रांनो, भिऊ नका. मी पिस्तूल आहे हे खरं, पण आता जुनं, रिकामं आणि पुठ्ठ्याच्या डब्यात बंद. दक्षिण लंडनमधल्या एका पोलीस ठाण्याच्या तळघरात माझी बरीच वर्षं गेली. येत्या सोमवारी मला वितळवणार आहेत. त्याआधी माझी हकीगत तुम्हाला सांगून टाकतो. मोठ्या माणसांनी ती कोर्टात ऐकली आहे, पण तेव्हा त्यांना जेवायला जायची घाई होती.

माझा जन्म बेल्जियममधला. तळहाताखाली सहज झाकला जाईन, एवढाच मी. ज्या कारखान्यात माझ्या थोरल्या भावंडांना लढाईसाठी घडवत, तिथेच मला कोटाच्या खिशासाठी घडवलं. कारागिराने मला दिव्यासमोर धरलं आणि ‘गोंडस आहे’ असं म्हटलं. पुढे लढाईत मी एका जर्मन अधिकाऱ्याकडे गेलो. तो मेला तेव्हा मी त्याच्या खिशातच होतो, यावरून त्याला माझा किती उपयोग झाला ते तुम्हाला कळेल. एका इंग्रज शिपायाने मला मोज्यात लपवून घरी आणलं. तो वारल्यावर त्याच्या बायकोने शिवणाच्या डब्यासकट मला क्रॉयडनमधल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात देऊन टाकलं. दुकानदार होते मिस्टर डॉब्स. त्यांनी सुया-दोरे पुढच्या खोलीत विकायला ठेवले आणि मला मागच्या.

तिथे १९७०च्या उन्हाळ्यात शशिधर आले.

शशिधर मूळचे पुण्याचे. एका विमा कंपनीत, कोणत्या वयाचा माणूस किती जगेल याचे तक्ते करायचे. घरी ते आणि पत्नी सुलक्षणा. कचेरीतून घरी जायचा रस्ता रेल्वेवरच्या पादचारी पुलावरून होता, आणि सगळं दुर्दैव त्या पुलावर उभं होतं.

झालं असं की, त्या वर्षीच्या मार्चमध्ये पुलावर त्यांना तीन तरुण दिसले. तिघांच्याही डोक्याचा तुळतुळीत गोटा. शशिधरना वाटलं, भाऊ असावेत, वडील गेले असावेत. माणूस सभ्य. ते थांबले, डोक्यावरची हॅट काढली आणि हळू आवाजात म्हणाले, “आय अ‍ॅम व्हेरी सॉरी. युवर फादर?”

डोकं भादरणं ही तिथल्या पोरांची फॅशन होती आणि आपल्यासारख्यांना बडवणं हा तिचाच एक भाग, हे शशिधरना ठाऊक नव्हतं. त्यांच्यातल्या थोराड टेरीचा बाप घर सोडून पळालेला होता, हे ठाऊक असायचं तर कारणच नव्हतं. टेरीने त्यांना गुडघ्यांवर बसवलं आणि त्यांच्याच मफलरने आपले बूट पुसून घेतले. पुढे तो शिरस्ताच पडला.

“अहो, मफलर काळा कसा झाला?” सुलक्षणा विचारायची.

“ट्रेनच्या दाराला लागला,” शशिधर सांगायचे.

पोलिसांत जावं तर नाव पेपरात येणार, आणि पेपर सुलक्षणा वाचायची. शशिधरना माराची भीती फारशी नव्हती. आपण गुडघ्यांवर बसलेले तिला दिसू, ही भीती होती. मित्रांनो, एवढ्याशा गोष्टीसाठी माणसं शस्त्र घेतात. मोठ्या गोष्टींसाठी ती सह्या गोळा करतात.

मला निवडायला शशिधर मित्राला घेऊन आले. मोझेस नवगावकर मुंबईच्या मांडवीचा, बेने इस्रायली म्हणजे मराठी ज्यू, बसच्या डेपोत नोकरीला. डॉब्सने टेबलावर आम्हा तिघांना मांडलं. एक बोजड रिव्हॉल्व्हर, एक चकचकीत स्पॅनिश पिस्तूल, आणि मी.

पुण्याचा माणूस कुकर घेतो तसं शशिधरनी आम्हाला पारखलं. ओव्हरकोट घालून प्रत्येकाला खिशात टाकलं. चालून पाहिलं, बसून पाहिलं, आरशात पाहिलं. रिव्हॉल्व्हरने कोट एका बाजूला लोंबायला लागला.

“हा मोठा बिघडत नाही म्हणतात,” मोझेस म्हणाला, “पण खिशात बटाट्याची पिशवी ठेवल्यासारखा दिसतोस.”

“आणि हे स्पॅनिश?”

डॉब्सने तोंड वाकडं केलं. “दिसायला छान आहे, सर. माझी पहिली बायकोही होती.”

माझ्याजवळ आल्यावर शशिधर थांबले. “हे रोज खिशात ठेवलं तर अस्तर फाटेल का?”

“नाही, सर.”

“आयत्या वेळी अडकणार नाही ना? काही गॅरंटी?”

“चाललं नाही तर तक्रार करायला तुम्ही परत येणारच नाही, सर.”

एक ट्रेन धडधडत गेली. त्या आवाजात डॉब्सने मला वाळूच्या बादलीत झाडून दाखवलं. मी एकदाही अडखळलो नाही. शशिधर खूश झाले, पैसे दिले आणि पावती मागितली.

“पावती कशाला, शशी?” मोझेसने कपाळावर हात मारला. “पोलिसांना दाखवायला?”

“सवय रे,” शशिधर ओशाळून म्हणाले.

अशी माझी निवड झाली. विश्वासू म्हणून मला निवडलं, याचा मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! घरी मला मोज्यांच्या खणात ठेवलं. सुलक्षणाला ते दुसऱ्याच दिवशी कळलं, कारण मोजे तीच धूत होती. ती काही बोलली नाही. शशिधरनीही विषय काढला नाही. ते सुसंस्कृत जोडपं होतं.

मग दसरा आला. शशिधर कचेरीत गेलेले असताना सुलक्षणाने पाट मांडला. शिवणाचं मशीन, विळी, शशिधरची कचेरीतली पट्टी, आणि शेवटी मी. घरात शस्त्र असून त्याची पूजा करायची नाही, हे तिला पटेना. आधी तिने मला खोबरेल तेलाने न्हाऊ घातलं. तेल कुठे घालतात ते माहीत नसल्यामुळे जिथे भोक दिसलं तिथे घातलं. मग हळद, मग कुंकू, मग अक्षता. त्यातला एक दाणा घरंगळत पार माझ्या पोटात गेला. वर डेलियाचं फूल. मला लोकांनी लपवलं होतं, विकलं होतं. फूल कुणी वाहिलं नव्हतं.

हात जोडून ती माझ्याशी बोलली. “मी पाहिलंय त्यांना पुलावर. दोनदा. पलीकडच्या जिन्यावरूनच परत फिरले, कुकर लावला, म्हटलं आल्यावर गरम जेवतील. त्यांना कळता कामा नये की मला ठाऊक आहे. जीव देतील ते. तू बघ त्यांच्याकडे.”

मी बघत होतो. नोव्हेंबरभर मी ओव्हरकोटाच्या खिशात रोज पुलावर गेलो. टेरी शीळ घालायचा, शशिधर खाली बसायचे, मी त्यांच्या मांडीला टेकायचो आणि ते बूट पुसायचे. मला बाहेर काढायचं म्हणजे काय होईल, याचा तक्ता ते मनात करत असावेत. तक्ते करणाऱ्या माणसाला घाई नसते.

जानेवारीत बर्फ पडलं. दुपार सरता सरताच अंधार. त्या दिवशी टेरी आणि ते दोघे नेहमीच्या जागी उभे होते. शशिधर खाली बसणार, तोच पलीकडच्या जिन्यावरून सुलक्षणा वर आली. साडी, वर कोट, गळ्यात निळा मफलर. या वेळी ती परत फिरली नाही. ज्याची पूजा केली ते नवऱ्याच्या खिशात आहे, या भरवशावर आली होती.

“अरे वा, आज बाईसाहेबही आल्या!” टेरी म्हणाला.

“तू घरी जा,” शशिधर म्हणाले.

“अहो, काढा ना ते,” सुलक्षणा म्हणाली. “मी पूजा केलीय त्याची.”

त्या एका वाक्यात शशिधरना सगळं कळलं. त्यांनी मला बाहेर काढलं, टेरीच्या छातीवर धरलं आणि चाप ओढला.

मित्रांनो, खोबरेल थंडीत गोठतं. हे प्रत्येक मराठी घरात ठाऊक असतं. हिवाळ्यात बाटली शेगडीपाशी ठेवतात ती त्यासाठीच. पण बाटलीत गोठणारं तेल पिस्तुलातही गोठेल, हे कुणाला सुचलं नाही. चाप सुटला, आतला खिळा पुढे निघाला आणि तेल, कुंकू व तांदळाच्या गोळ्यात अर्ध्या वाटेवर रुतून बसला. टिक असा आवाजसुद्धा झाला नाही.

टेरीने डोळे मिटले होते. उघडले. थोड्या वेळाने त्याने मला शशिधरच्या बोटांतून अलगद सोडवलं आणि हुंगलं.

“खोबऱ्याचा वास येतोय. केक आहे की काय?”

ते तिघे इतके हसले की एकाला कठड्याला धरावं लागलं. मग शशिधरना खाली बसवलं. बर्फाच्या चिखलामुळे बूट जास्तच भरले होते. शशिधरचा मफलर पुरेना, तेव्हा टेरीने सुलक्षणाचा मागितला. तिने गळ्यातून काढून दिला. नवऱ्याने तो घेतला. कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

टेरीने मला पँटच्या खिशात घातलं आणि ते तिघे चिप शॉपमध्ये, म्हणजे तळलेले बटाटे-मासे मिळतात त्या दुकानात गेले. तिथे कढया उकळत होत्या, गर्दी होती, टेरीची मांडी गरम होती. माझ्या पोटातलं तेल हळूहळू पातळ झालं. टेरी म्हणाला, “व्हिनेगर जास्त घाल,” आणि पुलावर मिळालेला हुकूम मी तिथे पाळला. गोळी गुडघ्यात गेली. त्यानंतर टेरीला कधी गुडघ्यांवर बसता आलं नाही. काही माणसं नशीबवान असतात.

पोरांनी शशिधरचं नाव घेतलं. खटला उभा राहिला आणि मी टेबलावर. शशिधरचे बॅरिस्टर हुशार होते. पिस्तूल मुलांच्या खिशात सापडलं, मुलं मवाली, आणि हा चष्मेवाला विम्याचा कारकून त्यांनी वर्षभर छळलेला. ज्यूरीतल्या बायका शशिधरकडे प्रेमाने पाहायला लागल्या. अडचण एकच होती. प्रयोगशाळेच्या माणसाने माझ्या पोटातून काय निघालं ते वाचून दाखवलं. हळद, लाल पूड, खोबऱ्याचं तेल, तांदळाचा एक दाणा.

“थोडक्यात, करी,” सरकारी वकील म्हणाले. कोर्ट हसलं.

“अगदी बरोबर,” शशिधरचे बॅरिस्टर झटकन उठले. “त्या चिप शॉपमध्ये करी सॉस मिळतो. मुलांनी तो खाल्ला, त्याच हातांनी आपलं पिस्तूल हाताळलं. ही करीच आहे, माय लॉर्ड.”

न्यायाधीशांनी मान डोलावली. शशिधर जवळजवळ सुटलेच होते.

“ती करी नाही.”

प्रेक्षकांत सुलक्षणा उभी राहिली होती. मोझेस तिच्या कोटाची बाही ओढत मराठीत कुजबुजला, “वहिनी, बसा. करीच आहे ती. पाया पडतो, बसा!”

“हळद-कुंकू आहे ते,” ती इंग्रजीत, एकेक शब्द नीट लावत म्हणाली. “दसऱ्याला मी माझ्या हाताने वाहिलंय. आमच्या घरी. माझ्या देवापुढे. त्याला करी म्हणू नका.”

पिंजऱ्यात शशिधरनी डोळे मिटले. त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. पुढचं मला ठाऊक नाही. पुरावे घरी जात नाहीत.

मित्रांनो, वस्तू घेतली की तिची निगा राखा. तिला तेल द्या, पण ज्या देशात राहता तिथल्या थंडीला पुरेल असं द्या. काल एका म्हाताऱ्या कॉन्स्टेबलने मला नियमाप्रमाणे साफ केलं, योग्य ते तेल दिलं. वितळवायच्या वस्तू स्वच्छ लागतात म्हणे. आज मी बिनचूक चालेन.

आता राहून राहून ते जेवणाचं टेबल आठवतं. दोघं समोरासमोर आमटी-भात जेवत. एकच गोष्ट दोघांना ठाऊक. दाराशी खुंटीवर ओव्हरकोट, ओव्हरकोटात मी. दोघांचंही मलाच ठाऊक होतं. पण मला एकच शब्द बोलता येतो. तो मी बोललो, उशिरा आणि चिप्सच्या रांगेत.