दोन दरांचा मीटर

करागंद शहरात त्या वर्षी वीज कंपनीने दोन दरांचे मीटर बसवायला घेतले. ज्याला हवा त्याने घ्यावा. दिवसाची वीज आधीपेक्षा महाग, रात्री अकरा ते सकाळी सात मात्र फार स्वस्त. बातिमाचा मुलगा नुरताय कुठूनसं हे ऐकून आला आणि जेवणाच्या टेबलावर दुसरा विषयच राहिला नाही. फ्लॅट बातिमाच्या नावावर होता, त्यामुळे अर्जावर सही तिची लागणार होती.

बातिमाने सारी उमर कोळशाच्या खाणीतल्या कॅन्टीनमध्ये काढली होती. समोर आलेला माल हुंगल्याशिवाय आत घ्यायचा नाही, ही तिची सवय. ती समोरच्या दारातल्या रायसाकडे गेली, कारण रायसाकडे असा मीटर आधीच बसला होता. रायसा रात्रभर मांस भरलेले सामसे भाजायची आणि सकाळी बाजारात विकायची. तिचा मुलगा टॅक्सी चालवून पहाटे परतायचा आणि तेव्हा अंघोळ करायचा. आम्हाला हा मीटर वरदानच झाला, असं ती म्हणाली. मग चहा ओतता ओतता थांबून म्हणाली, "पण तुमच्याकडे रात्री जागं कोण असतं, ते आधी बघ. आणि मग सही कर."

बातिमाने घरी येऊन तोच प्रश्न नुरतायला विचारला. घर तापायचं ते शहराच्या गरम पाण्याच्या पाइपांनी, त्यात विजेचा संबंध नव्हता. राहिली विजेची शेगडी, बॉयलर, इस्त्री आणि कपड्यांचं मशीन.

नुरताय आईकडे बघून हसला. "अपा, मशीनसाठी कुणी जागायचं असतं का? बटन दाबायचं आणि झोपायचं."

बातिमाला त्यात खोट दिसली नाही. तिने सही करून टाकली.

बटन दाबायचं काम सुनेकडे आलं. झाझिरा बालवाडीच्या स्वयंपाकघरात कामाला होती. सकाळी सातलाच घर सोडायची. आता ती अकराची वाट बघत बसायची, मशीन लावायची, लवंडायची, मग उठून कपडे वाळत घालायची. पहाटे शेगडी लावून दिवसभराचं सूप आणि रोटी करून ठेवायची, आणि सात वाजायच्या आत इस्त्री उरकायची. एखाद्या रात्री तिचा डोळा लागला की कपडे ओलेच मशीनमध्ये कुजत पडायचे. घरातल्या टॉवेलांना आंबट, शेवाळलेला वास येऊ लागला. तोंड पुसायला टॉवेल जवळ नेला की बातिमाला मळमळायचं. ती दोनदा मुलाशी बोलली. त्याने दोन्ही वेळा तो वास मशीनच्या पावडरीवर ढकलला.

तो स्वतः रात्रभर घोरायचा. रविवारी भर दुपारी बॉयलर चालू करून तासभर अंघोळ करायचा, आणि बाहेर येऊन, केस पुसत, बायको संध्याकाळी इस्त्रीला का बसली म्हणून तिच्यावर डाफरायचा. एकदा झाझिरा उभ्या उभ्या पेंगली आणि त्याच्या शर्टाची बाही जळाली. त्याने ती बाही उजेडात धरून सगळीकडून न्याहाळली. बायकोच्या मनगटावर उठलेला फोड त्याला दिसला नाही. त्या दिवशी तो जेवायला बसला तेव्हा बातिमा त्याच्याकडे बघत होती. सूप भुरकताना त्याच्या ओठांवर चरबी चकाकत होती, हनुवटीवरून एक थेंब ओघळत होता, आणि तो पुढच्या महिन्यात आणखी काय वाचवता येईल ते सांगत होता. आपल्याच पोटच्या पोराची शिसारी येते आहे हे तिच्या ध्यानात आलं, तेव्हा ती ताट सोडून उठली.

मेच्या अखेरीस गावाहून तिच्या थोरल्या भावाचा, मुकाशचा, निरोप आला की मी आणि तुझी वहिनी बिबिश येतो आहोत. हिवाळ्यात कापलेल्या घोड्याचा वाटा मुकाशनेच पाठवला होता. त्यातलं बरगडीचं मांस आतड्यात भरून केलेली कझी आणि मांडीचा चांगला तुकडा बातिमाने बाल्कनीतल्या मोठ्या फ्रीझरमध्ये राखून ठेवला होता, तो आला की त्याच्यापुढे मांडायला. पाहुणे यायच्या सकाळी तिने झाकण उचललं.

आधी वास आला. गोडसर, जड, घशात चिकटून बसणारा. मग दिसलं. तळाशी तपकिरी पाणी साचून त्याच्या कडेला बर्फाची पापडी धरली होती, मांसावर हिरवट बुळबुळीत थर होता, आणि कझीची आतडी फुगून एका ठिकाणी फुटली होती. बातिमाने बोट लावलं तर थर बोटाबरोबर तारेसारखा ताणून आला. कॅन्टीनमध्ये तिने खराब माल पुष्कळ पाहिला होता. पण तो दुसऱ्याच्या घरून आलेला असायचा.

फ्रीझरची वायर तिने भिंतीपर्यंत पाहिली. प्लगच्या आणि भिंतीच्या मध्ये एक टायमर लावलेला होता. दिवसा बंद, रात्री चालू. किती आठवडे, कोण जाणे. बाल्कनीवर दुपारभर ऊन असायचं. रोज ते मांस वितळायचं आणि रोज रात्री पुन्हा अर्धवट गोठायचं.

तिने नुरतायला हाक मारली. त्याने आत वाकून पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाला, झाकण घट्ट असलं की थंडावा टिकतो असं कुणीतरी सांगितलं होतं. मग जरा विचार करून म्हणाला, "फेकू नकोस. वरचा थर खरवडून काढ, दोनदा उकळून पाणी ओतून दे. कांदा आणि तमालपत्र जास्त टाक. मामा म्हातारा झालाय, त्याला कुठे वास येतोय."

बातिमा त्याच्या आणि फ्रीझरच्या मध्ये उभी राहिली.

"त्याचंच मांस," ती म्हणाली. "त्याच्याच ताटात. हे वाढायचं त्याला?"

"उकळल्यावर सगळं मरतं, अपा. उगाच नाटक नको."

बातिमाने बाह्या वर सारल्या. झाझिराचे रबरी हातमोजे चढवले, दोन पिशव्या भरल्या, खाली कचऱ्याच्या पेटीत नेऊन टाकल्या आणि वर येऊन कोपरापर्यंत हात घासले. वास तरी जाईना. साबणाच्या खालून तो पुन्हा वर यायचा.

मुकाश आणि बिबिश आले तेव्हा जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर अंडी होती, तळलेल्या पोळ्या होत्या, लोणी आणि मुरंबा होता. थोरल्या भावापुढे मांस नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. बातिमाने चहाचा पहिला वाडगा त्याच्या हाती दिला आणि काही न लपवता सगळं सांगितलं: मीटर, सुनेची जागरणं, टायमर, मांस. खाली मान घालून सांगितलं, पण सांगितलं. बिबिशने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकलं. आणि नुरताय, तिचा मुलगा, लाजेने गप्प बसायचं सोडून मामाला समजावू लागला की रात्रीचा दर किती कमी आहे आणि गावाकडे असा मीटर आला तर नक्की घ्या.

मुकाशने चहा संपवला. वाडगा खाली ठेवून म्हणाला, "घोडा माझा सडला, बायको तुझी झिजली. तू काय वाचवलंस, भाच्या?"

नुरताय हसला, जणू थट्टाच होती. बातिमाला ते हसणं सहन झालं नाही. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती वीज कंपनीच्या कार्यालयात जाऊन जुना दर परत मागून आली. काउंटरवरच्या बाईने, का सोडता, बऱ्याच लोकांना फायदा होतो, असं विचारलं. होत असेल, बातिमा म्हणाली, आमच्या शेजारणीला होतो. आमचं घर तसं नाही. नुरतायला कळलं तेव्हा त्याने दार आपटलं आणि तिच्याशी बोलणं टाकलं. आपल्याला त्याचं वाईट वाटेल, याची ती वाट बघत होती. वाटलं नाही. तो समोर जेवायला बसला की ती आपलं ताट खिडकीकडे घेऊन जायची, एवढंच.

फ्रीझर धुवायला झाझिरा बसली होती. सोडा टाकलेल्या पाण्याने ती तळ घासत होती, तोंडाला फडकं बांधलेलं, मनगटावरचा फोड आता खपली धरलेला. बातिमा दुसरं फडकं घेऊन शेजारी बसली. दोघी बराच वेळ घासत राहिल्या.

"अपा," झाझिरा मध्येच म्हणाली, डोकं वर न करता, "तुम्ही नसता ना, तर मी शिजवलं असतं ते. त्यांनी सांगितलं असतं आणि मी शिजवून वाढलं असतं."

बातिमाला तीच शिसारी पुन्हा आली, पण या वेळी ती नेमकी कुणाची, नुरतायची, सुनेची की आपल्या स्वतःची, हे तिला ठरवता येईना. तिने बाल्कनीची खिडकी सताड उघडली, झाझिराच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला आत जाऊन झोपायला सांगितलं. झाझिरा जागची हलली नाही. मग बातिमाने तिला दंडाला धरून उठवलं, आणि खोलीच्या दारापर्यंत नेऊन सोडलं.