चकतीवरचं कुंकू

गहिनीनाथने पोत्यातून मीटर काढून टेबलावर ठेवला आणि यशोधराबाईंनी तो बघताक्षणी ओळखला. ओळखणारच! लहानपणी वडिलांच्या कामावर जो पाहिला आणि पुढे जन्मभर ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याला कोण विसरतं?

वीज कंपनीच्या मीटर तपासणीतून निवृत्त झाल्यावर बाई सावेडीतल्या आपल्या फ्लॅटवर जुने मीटर, स्विच, पंखे ओळखून द्यायचं काम करायच्या. वस्तू कुठली, किती सालची, किंमत काय, हे त्या सांगत, आणि पुण्या-मुंबईचे शौकीन त्यांच्या शब्दावर माल उचलत.

"श्रीरामपूरच्या आमच्या जिनिंगचा हाय, मॅडम," गहिनीनाथ खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाला. "इंग्रजाच्या टायमाचा. मोबाईलवर बघितलं, असल्या मीटरला दोन-दोन लाख देत्यात म्हनं."

"वडिलांचं नाव?"

"छगनराव. नाव ऐकलं असंल तुमी."

ऐकलं होतं. त्याच छगनरावांच्या कापसाच्या जिनिंगमध्ये बाईंचे वडील रखमाजी वायरमन होते. एका वर्षी दसरा झाला आणि तपासणीवाले आले. मीटरच्या पेटीला खालून बारीक भोक सापडलं. त्यातून तार सरकवली की आकडे पुढे ढकलणारी चकती थांबायची, आणि मिल मात्र दणक्यात चालायची. खंडेनवमीला मिल बंद होती तेव्हा यानेच ते पाडलं, असं म्हणत छगनरावांनी बिनदिक्कत रखमाजींकडे बोट दाखवलं. "मी त्या दिवशी गावातच नव्हतो, दीक्षाभूमीला चाललेल्या गाडीत होतो," असं रखमाजी कानीकपाळी ओरडले. पण सोबत गेलेले सगळे त्यांच्याच वस्तीतले. त्यांची साक्ष कोण धरणार? पोलिसांनी बडवलं, नोकरी गेली, आणि वर 'मीटरचोर' हे नाव चिकटलं. शाळेत मास्तरसुद्धा यशोधराला 'मीटरचोराची' म्हणून हाक मारायचे. रखमाजी गेले, तेव्हा मयतीला आलेल्या एकाने तेच नाव घेतलं होतं. बाईंनी मीटरचीच नोकरी धरली ती काही हौसेने नव्हे.

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. मीटरही दारात आला होता आणि त्याचा वारसही.

बाईंनी भिंग उचललं. बिडाची काळी पेटी, पितळी कड, आकड्यांच्या पाच तबकड्या. विलायती माल, एकोणीसशे तीसच्या आसपासचा. खाली ते भोक होतंच. मग त्यांनी काचेतून टॉर्च मारला. आत, सील लावून बंद केलेल्या पेटीत, चकतीवर कुंकवाचं बोट उमटलं होतं. वाळून काळपट झालेलं, पण पूजेचं कुंकूच. दीक्षाभूमीला निघालेला माणूस ते कशाला लावेल? पंचनामा करणाऱ्याला ते दिसलं नव्हतं, किंवा दिसूनही दिसलं नव्हतं.

बाईंनी चेहरा कोरा ठेवला.

"माझी एक पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "मालाचं मी लिहून देते. पण वस्तूचा इतिहास मालकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचा, व्हिडिओवर. तो घेणाऱ्याला जातो. हे भोक कसलं, हे कुंकू कसलं, सगळे विचारणार."

पद्धत खरीच होती. प्रत्येकाला त्या हेच सांगत. फक्त आज पहिल्यांदा त्यात त्यांचा स्वतःचा मतलब होता.

"गोष्ट सांगितली की भाव वाढतो का?"

"गोष्टीवाचून जुनी वस्तू कोण घेतं?"

झालं, गडी खुलला. मोबाईल सुरू झाल्यावर त्याने केसांवरून हात फिरवला आणि सांगत सुटला. "आमचे आबा, छगनराव, लई डोकेबाज मानूस. लाईट फुकट पाहिजे, तर आबांनी काय केलं? खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा झाली, कामगार घरी गेले. आबांनी सील काढलं, पेटी उघडली, भोक पाडलं. आन चकतीलाबी कुंकू लावून मंग परत सील ठोकलं! पूजेबिगर आबा कशालाच हात लावत न्हवते." तो खदखदून हसला. "घरात दर दसऱ्याला निघायची ही गोष्ट. आमी पोटं धरून हसायचो."

दर दसऱ्याला! बाईंच्या डोक्यात सणक गेली. यांचा पिढ्यान्‌पिढ्या हशा, आणि आपल्या घरात त्या सणाला चूल पेटवायचीही इच्छा राहिली नाही.

"मग पकडलं गेलं कोण?"

"होता एक वायरमन. आबांनी त्याच्यावर ढकललं, आन केस मिटल्यावर मीटर घरी आनला. नाव न्हाई आठवत."

"नाव लागेल. अर्धवट गोष्ट चालत नाही. रखमाजी होतं का?"

"व्हय, व्हय, रखमाजी!" त्याने मोबाईलकडे बघून ठासून सांगितलं, "रखमाजीनं काय बी केलं न्हवतं. केलं सगळं आमच्या आबांनी."

बाईंनी व्हिडिओ थांबवला. त्याने तो मागून घेतला आणि तिथल्या तिथे भावकीच्या ग्रुपवर टाकूनही दिला, वर 'आपला मीटर लाखात जाणार' असं लिहून. मग हात चोळत विचारलं, "आता बोला, किती?"

"धड असता तर दहा-बारा हजार आले असते. उघडलेला, भोक पाडलेला मीटर शौकीन हातात धरत नाही. भंगारवाला किलोवर घेईल."

गहिनीनाथचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मंग मला बोलाया कशापायी लावलं?"

"मी रखमाजींची मुलगी."

तो ग्रुपवरचा व्हिडिओ पुसायला मोबाईलवर बोटं आपटायला लागला. पण भावकीने तो कधीच बघून पुढे पाठवला होता. व्हिडिओ कुणाकुणाच्या हाती पोचला होता, देव जाणे. चुलत्याचा फोन आला, तो त्याने घेतलाच नाही. मीटर काखोटीला मारून, शिव्या देत जिना उतरला. पोतं तिथंच विसरला.

बाई आतल्या खोलीत गेल्या. तिथे त्यांची आई, बनाबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिला ऐकू कमी यायचं. बाईंनी मोबाईल तिच्या कानाला लावला आणि व्हिडिओ सुरू केला. आता आईच्या डोळ्यांत पाणी येईल, या समजुतीने त्यांनी पदर पुढे धरला. नवऱ्याचं नाव आलं, निर्दोष ठरलं. म्हातारीचे डोळे कोरडेच राहिले.

"ह्यो कोन बोलतोय?"

"छगनरावाचा मुलगा."

"सवताच्या बापाला चोर म्हनतोय?"

"हो, आई."

बनाबाईने मोबाईल दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला.

"मंग तेवढंच लाव परत," ती म्हणाली. "आपल्या मानसाचं मला ठावं हाय."